मी बावीस वेळा सापडले

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे उजवा गुडघा वगळून. तो गेल्या महिन्यापासून वाकायला तयार नाही, तेव्हा सात अंगांवर भागवून घे.) तुझी तब्येत कशी आहे, झोप लागते का, वेळेवर जेवतेस का, हे सगळं विचारायचं आहे, पण उत्तर मात्र पाठवू नकोस. तुझी नर्स मैत्रीण हे पत्र घेऊन तुझ्याकडे येते आहे. तिला मी दोनदा बजावलंय, बाई गं, ताई राहते त्या गावाचं नाव माझ्यासमोर काढू नकोस, ते कोणत्या दिशेला आहे ते सांगू नकोस, तिकडे ऊन आहे की थंडी तेही सांगू नकोस. माझ्या पोटात काही राहत नाही हे घरादाराला ठाऊक आहे. तुझ्या सोळाव्या वाढदिवसाला आईने आणलेलं घड्याळ मी तुला आठ दिवस आधी सांगून टाकलं होतं, आणि वर 'तुला माहीत नाही असं दाखव हं' हे आईच्या देखतच म्हटलं होतं. अशा बाईला पत्ता कोण सांगेल?

इकडची खबरबात म्हणजे आई बरी आहे, दुकान चालू आहे, आणि मी सापडते. हो, सापडते. आजपर्यंत बावीस वेळा. तू घर सोडून गेलीस त्याला येत्या मंगळवारी आठ महिने होतील. या आठ महिन्यांत तू एकदाही सापडली नाहीस (आणि यापुढेही सापडू नयेस, एवढं एकच मागणं मी सध्या मागते), आणि मी मात्र कुठेही न जाता, घर ते दुकान आणि दुकान ते घर एवढ्याशा अंतरात, बावीस वेळा सापडले. हरवायचं राहूनच गेलं.

त्याचं असं झालं. तू गेल्यावर चौथ्या दिवशी भाऊजींनी पोलिसांत तक्रार दिली की बायको हरवली. ('स्वतःहून गेली' असा वेगळा रकाना त्या अर्जात आहे, मी डोळ्यांनी पाहिलाय. पण त्यांनी खूण केली ती 'हरवली' वर. किल्ली हरवते, छत्री हरवते, तशी तू.) त्याच सुमारास आपल्या चौकातल्या आणि गावभरच्या खांबांवर नवे कॅमेरे चढले. आधीचे होते ते बिचारे नुसते बघायचे. हे ओळखतात. खाली पाटी लावली आहे: 'आपल्या सुरक्षिततेसाठी येथे चेहरे टिपले जात आहेत. सहकार्याबद्दल आभार.' सहकार्य म्हणजे नेमकं काय करायचं ते लिहिलेलं नाही, म्हणून पहिले काही दिवस मी आपली केस सारखे करून तिथून जात होते. हरवलेल्यांचे आणि पोलिसांना हवे असलेल्यांचे फोटो त्या यंत्रात घालून ठेवलेले असतात. रस्त्याने जाणारा प्रत्येक चेहरा यंत्र त्यांच्याशी ताडून बघतं, आणि जुळला की चौकीत घंटा वाजते. आता तुझ्या प्रकरणात त्यांच्याकडे फोटोंचा काहीतरी घोटाळा झाला (कसा झाला, कोणी केला, असले प्रश्न सरकारी कामात विचारायचे नसतात), आणि तुझ्या नावापुढे चेहरा लागला माझा.

पहिल्यांदा सापडले ती औषधांच्या दुकानासमोर. हातात आईच्या गोळ्यांची पिशवी. दोन पोलीस आले आणि अंगणात चुकून शिरलेल्या वासराशी बोलावं तसं हळू आवाजात म्हणाले, की घाबरू नका, तुम्ही सापडला आहात. मी म्हटलं, मी हरवलेच नव्हते. त्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली, म्हणजे सुरुवातीला सगळे असंच म्हणतात. मग एकाने पाण्याची बाटली उघडून दिली, दुसऱ्याने माझी पिशवी घेतली, रस्ता ओलांडताना माझ्यासाठी गाड्या थांबवल्या. खरं सांगू का, गेल्या दहा वर्षांत माझ्याशी इतक्या मायेने कोणी बोललं नव्हतं. म्हणून मीही थोडा वेळ सापडलेलीच राहिले.

चौकीत यंत्रावर बसणारे एक साहेब आहेत. पन्नाशीचे, केस रंगवलेले, त्या यंत्राचं कौतुक जावयासारखं करणारे. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवून दाखवलं, की बघा, नव्याण्णव पूर्णांक दोन टक्के तुम्हीच. मग मला समजावू लागले की यंत्र दोन डोळ्यांमधलं अंतर मोजतं. मी म्हटलं, साहेब, एकसष्ट मिलिमीटर. ते गारच पडले. त्यांना कुठे ठाऊक, की ही बाई एकोणीस वर्षं चष्म्याच्या दुकानात उभी आहे आणि लोकांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर प्लास्टिकच्या पट्टीने मोजणं हाच तिचा धंदा आहे. आमच्या लेखी चेहरा म्हणून काही नसतोच, ताई. नाक किती रुंद, कान किती उंचीवर, बाहुल्या किती लांब, संपला माणूस. (तुझंही एकसष्टच. म्हणूनच लहानपणी एकीला हाक मारली की दोघी वळायचो.) पण एक गोष्ट आहे. विचारल्याशिवाय मी कोणाच्या नाकाला पट्टी लावत नाही. आधी म्हणते, जरा सरळ बघा हं माझ्याकडे. समोरचा खुर्चीत नीट बसतो, बघतो, मग मी मोजते. खांबावरचं हे यंत्र कोणाला काही म्हणत नाही. आपण भाजी घ्यायला निघालेलो असतो आणि ते वरून आपलं माप घेऊन मोकळं होतं.

पुढची रीत अशी, की सापडलेली व्यक्ती तक्रारदाराच्या ताब्यात द्यायची आणि त्याची सही घ्यायची. म्हणजे भाऊजींना फोन. भाऊजी धावत आले, शर्टाची बटणं एक घर चुकलेली. दारातून मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा पडला की मलाच अपराध्यासारखं वाटलं. म्हणाले, ही ती नव्हे, ही माझी मेहुणी. साहेब म्हणाले, पण नव्याण्णव पूर्णांक दोन. भाऊजी म्हणाले, दोघी बहिणींची चेहरेपट्टी एकच, तुमचं यंत्र फसतंय. साहेबांना जावयाचा अपमान सहन होईना. असा बराच वेळ वाद चालला, आणि मी दोघांच्या मध्ये आईच्या गोळ्या मांडीवर घेऊन बसले होते. कोपऱ्यात एक हवालदारबाई फाईल घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पडद्यावरचा फोटो पाहिला, मला पाहिलं, भाऊजींना पाहिलं, परत फोटो पाहिला. मग चष्मा काढून पुसत म्हणाल्या, काचांवर इतके ओरखडे पडलेत, मला मेलीला काही धड दिसत नाही. आणि फाईल मिटली.

शेवटी प्रकरण कुठे अडलं सांगू? त्या यंत्रात दोनच कळा आहेत. 'सापडली' आणि 'सापडली नाही'. 'सापडली' दाबायची तर भाऊजींनी सही करून मला घरी न्यायला हवं, आणि भाऊजी परक्या बाईसाठी सही कशाला करतील? 'ही ती नव्हे' अशी कळ यंत्र करणाऱ्याने ठेवलेलीच नाही. तेव्हा साहेबांनी सुस्कारा टाकून 'सापडली नाही' दाबलं. म्हणजे यंत्राच्या दृष्टीने मी पुन्हा हरवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेसमोर पुन्हा सापडले.

चौथ्या-पाचव्या खेपेनंतर पोलीस दुकानात येऊ लागले आणि आमच्या मालकांच्या कपाळावर आठ्या चढल्या. नंबर तपासायला बसलेलं गिऱ्हाईक वर्दी बघून अक्षरं वाचायचं सोडून उठून जातं. त्यांनीच मला अर्ज लिहून दिला: माझा चेहरा आपल्या यंत्रातून काढून टाकावा, तो माझा खाजगी आहे. सहा आठवड्यांनी उत्तर आलं. (ते मी ट्रंकेत जपून ठेवलंय, कधीतरी फ्रेम करीन.) त्यात म्हटलंय, की अर्जदाराचा चेहरा आमच्या नोंदीत नाही. सदर चेहरा हरवलेल्या व्यक्तीचा असून तो काढून टाकण्याची मागणी सदर व्यक्ती स्वतः अथवा तिचा पती करू शकेल. तसेच सदर फोटो आपणांस दाखवता येणार नाही, कारण त्यामुळे सदर व्यक्तीच्या खाजगीपणाचा भंग होईल. मी ते तीन वेळा वाचलं. म्हणजे माझं नाक, माझे डोळे, माझी हनुवटी, आणि त्यांवर हक्क कोणाचा, तर तुझ्या नवऱ्याचा. आधी हसले. मग आरशासमोर वेणी घालताना एकदम हात थांबला. तू चौदा वर्षं कशी राहिली असशील, ते मला त्या सरकारी कागदाने सांगितलं.

मालक एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांच्या सूचनेवरून मी वेषांतरंही केली. दुकानातल्या अकरा फ्रेमा आळीपाळीने घालून चौकातून गेले. जाड काळी फ्रेम घातली तेव्हा नव्याण्णवचे सत्त्याण्णव झाले, त्यापलीकडे यंत्र हटेना. नाकातोंडावर स्कार्फ गुंडाळला, तर तोंड का लपवता म्हणून पोलिसाने हटकलं आणि स्कार्फ काढायला लावला, आणि काढल्याबरोबर वर घंटा. एकदा दोन्ही गाल फुगवून अख्खा चौक ओलांडला. समोरून आमचं जुनं गिऱ्हाईक, शाळेचे हेडमास्तर येत होते. त्यांनी नमस्कार केला, मला तोंड उघडता येईना, मी नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी ते माझ्यासाठी दातदुखीचं औषध घेऊन दुकानात हजर. तेव्हापासून तो नाद सोडला.

आता जरा वाईट भाग. यंत्र नुसतं ओळखत नाही, पोलीस पोचोत न पोचोत, दर वेळी लिहूनही ठेवतं, आणि त्याची प्रत तक्रारदाराला मिळते. एका रविवारी भाऊजी आमच्याकडे आले आणि त्यांनी टेबलावर कागद पसरले. माझा अख्खा महिना छापलेला. नऊ वाजून दहा मिनिटं, दुकान. एक चाळीस, झेरॉक्सवाला. गुरुवारी पाच पंधरा ते पाच चाळीस, बागेतला बाक. दर गुरुवारी. त्या बाकाचं मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं, तुलाही नाही. तिथे मी काही करत नाही गं. बसते. सबंध आठवड्यातली तेवढी पंचवीस मिनिटं माझी स्वतःची होती, आणि ती तांबड्या पेनाने गोल करून भाऊजींच्या हातात होती. भाऊजींचं म्हणणं असं, की दहापैकी नऊ वेळा तू (म्हणजे मी) असतेस हे मला मान्य, पण दहावी कोण? दहावी तीच. आणि या एका 'दहावी'साठी तो माणूस फोनवर निरोप आला की काम टाकून गावभर धावतो. निम्मा झालाय.

पुढच्या गुरुवारी मी बाकावर बसले होते, तर आलेच धापा टाकत. मला पाहून शेजारी टेकले. विचारलं, ती आत्ता इथे होती का? मी म्हटलं, असेल. मग ते झाडांच्या मागे, फाटकाबाहेर, पाण्याच्या नळाजवळ बघत राहिले. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा संताप आला. उठताना त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, तुला घरून निघून किती वेळ झाला? सवयीनेच म्हणाले. ताई, तुला भाजी आणायला किती मिनिटं लागतात हे दाराशी घड्याळ घेऊन मोजायचे तेच ते, नाही का? तेव्हापासून बाक बंद. घरून परस्पर दुकान.

आईचं काय सांगू? मी सापडले की चौकीतून तिलाही फोन जातो: आजी, तुमची मुलगी सापडली. कोणती, ते सांगत नाहीत; यंत्रात मुलगी एकच आहे. मी घरी पोचते तोवर ती दारात उभी असते. मी जिना चढून येते आणि ती माझ्या मागे बघते, वळणावर, आणखी कोणी येतंय का. कोणी येत नसतं. मग ती बाजूला होते आणि म्हणते, आलीस. एवढंच म्हणते. बावीस वेळा मी तिची सापडलेली मुलगी झाले, ताई, आणि बावीस वेळा तिला हवी होती ती मी नव्हते. रागावून नाही सांगत. मी तिच्या जागी असते तर मीही मागेच बघितलं असतं.

हे सगळं हसत हसत लिहायचं ठरवलं होतं. पण एक गोष्ट आठ महिने सांगायची राहिली आहे, ती लिहूनच टाकते. तुझ्या चष्म्याची दांडी मी चार वेळा बदलली. पहिल्यांदा तू म्हणालीस उशीखाली आला. दुसऱ्यांदा पडला. तिसऱ्यांदा तू काही म्हणाली नाहीस आणि मीही विचारलं नाही. चारही वेळा डावीच दांडी, ताई. कडेने फटका बसून बिजागरीपासून तुटलेली. उशीखाली आलेला चष्मा कसा मोडतो आणि तोंडावरचा कसा मोडतो, हे एकोणीस वर्षांत मला कळलं नसेल का? मला पहिल्याच वेळी कळलं होतं. मी नवी दांडी लावली, स्क्रू आवळला, काचा पुसल्या, तुझ्या कानामागे नीट बसवला आणि विचारलं, टोचत नाही ना? एवढंच विचारलं. गावभर सगळ्यांचं सगळं बोलणारी मी, तिथे मूग गिळून बसले. खांबावरचा कॅमेरा काही न कळता बघतो. मी कळून बघत होते. मला माफ करू नकोस, पण हे मला माहीत होतं हे तुला माहीत असावं.

असो. आमची काळजी करू नकोस. आम्ही दोघी बऱ्या आहोत, दुकान बरं आहे, गुडघ्याचंही बघू. हे सगळं वाचून परत यायला निघालीस तर तुझ्याशी जन्मात बोलणार नाही. स्वतःला जप.

सदैव तुझीच, आणि सध्या सरकारदरबारी तूच,
धाकटी

ता. क. वर मी फोटोंचा घोटाळा त्यांच्याकडे झाला असं लिहिलंय, ते खोटं आहे. तुला वाईट वाटेल म्हणून तसं लिहिलं, पण पुढचं सांगायचं तर हे सांगावंच लागतं. तक्रारीच्या दिवशी भाऊजी दुकानात आले होते. फोटो बिनचष्म्याचा हवा होता, आणि त्यांच्याकडच्या सगळ्या फोटोंत तू चष्म्यात, नाहीतर पाठमोरी, नाहीतर कडेला अर्धी कापलेली. मी म्हटलं, माझ्याकडे आहे एक. आणि ड्रॉवरमधून माझा स्वतःचा काढून दिला, गेल्या वर्षी दुकानाच्या ओळखपत्रासाठी काढलेला. ते लगेच ओळखतील याची मला खात्री होती. 'अगंबाई, चुकून माझाच दिला की' हे वाक्यसुद्धा तोंडात तयार होतं. त्यांनी फोटो काउंटरवरच्या दिव्याखाली धरला. नीट पाहिला. म्हणाले, हाच, यात बरी दिसते आहे. आणि मागे लिहिलं, 'ही माझी पत्नी', खाली सही. चौदा वर्षं रोज सकाळी त्यांनी तुला बिनचष्म्याची पाहिली होती, ताई. मी पडलेला स्क्रू शोधते आहे असं दाखवून काउंटरखाली वाकले आणि रडले. पुढे साहेबांकडून कळलं, की महिनाभर कोणी सापडलं नाही तर दुसरा फोटो मागतात. म्हणून दर आठवड्याला एकदा तरी मी मुद्दाम चौकात जाते, खांबाखाली उभी राहते आणि वर बघते. वेषांतरं मालकांच्या समाधानासाठी होती. ती फसावीत म्हणूनच मी करत होते.

आणखी एक. मी जरा जास्तच सापडले. नवा हुकूम आलाय, की वीसपेक्षा जास्त वेळा चुकीची व्यक्ती सापडली तर फोटो बदलायचा. येत्या सोमवारी साहेब स्वतः भाऊजींच्या घरी जाऊन आल्बममधून निवडणार आहेत. या वेळी ड्रॉवर माझा नाही. तू आहेस तिथेही खांबांवर कॅमेरे चढलेत, एवढं तुझ्या मैत्रिणीच्या तोंडून निसटलं. तेव्हा हे सगळं पत्र ज्यासाठी लिहिलं ते आता सांगते: सोमवारच्या आत तू आपल्या पायाने चौकीत जा. कोणत्याही गावच्या. दचकू नकोस, वाच. त्या हवालदारबाई गेल्या आठवड्यात काचा बदलायला दुकानात आल्या होत्या. बाकी कोणी नाही असं बघून मला म्हणाल्या, सज्ञान बाई स्वतःहून गेली असेल तर ती हरवलेली नसते. तिने समोर येऊन तसं सांगायचं, सही करायची, पत्ता कोणाला देऊ नका असं लिहून द्यायचं. मग नाव आणि फोटो यंत्रातून काढावाच लागतो, आणि नवऱ्याला पत्ता सांगता येत नाही. मी विचारलं, बाई, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं? तर म्हणाल्या, तुमची मापं घेऊन झाली का? माझा त्या खांबांवर विश्वास नाही, साहेबांवर नाही. पण या बाईंवर ठेवला. मैत्रिणीला सोबत ने. तिथे कोणी विचारलं, की हरवला होतात का, तर ठामपणे नाही म्हण. मला म्हणून म्हणून पाठ झालंय, पण माझं कोणी ऐकलं नाही. तुझं ऐकावं लागेल.

आणि शेवटचं. तक्रारीच्या दुसऱ्या दिवशी फोटो ओळखायला पोलीस आईकडे आले होते, कारण दोन नातेवाइकांच्या सह्या लागतात. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आईने फोटो डोळ्यांजवळ नेला. माझ्या भुवईवर व्रण आहे ना, मी पाच वर्षांची असताना पडले होते त्याचा, त्यावरून तिने हळूच अंगठा फिरवला. टाके घालताना मला तिनेच धरलं होतं. मग पोलिसांना म्हणाली, हो, हीच माझी मोठी. आणि सही केली. माझ्याकडे पाहिलंही नाही. आठ महिन्यांत त्यावर आम्ही दोघी एक शब्द बोललेलो नाही. बोललो तर भाऊजींसमोर दोघींनाही खोटं बोलावं लागेल, आणि मला ते जमेल असं तिला वाटत नाही. पण मी काय करते आहे तेवढंच तिला ठाऊक आहे. तू कुठे आहेस, कशी आहेस, आहेस की नाही, यातलं तिला काही ठाऊक नाही, आणि ती मला विचारत नाही. चौकीत जबाब झाला की विचारतात, सुखरूप असल्याचा निरोप कोणाला कळवू? आईचं नाव सांग. आणि त्यांना म्हणावं, फोनवर नुसतं 'तुमची मुलगी' म्हणू नका, 'तुमची मोठी मुलगी' म्हणा.